पहिल्या बारा जणांचं गिळणं

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९७५

मंजूर झाला. सहावा नियम माझ्याच शब्दांत, एक स्वल्पविरामही न हलवता. "उमेदवाराने आपल्या पहिल्या बारा पूर्ण रुग्णांची, क्रमाने, न निवडता, किमान पाच वर्षांनंतरची तपासणी सादर करावी." 'न निवडता' हे शब्द मी अनाहाइमच्या बैठकीत उभं राहून घालून घेतले होते. तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं. हसू दे.

सोबत आम्हा जीभ सुधारणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष मिसेस ओव्हरबींचं पत्र. आमच्या कामाला आता नाव मिळालं आहे — मुख-चेहरा स्नायू चिकित्सा. चौदा वर्षं या फ्रेस्नोत मी नुसता 'जीभवाला' आहे. रविवारी चर्चच्या पायरीवर म्हातारे विचारतात, "काय वाहान, या आठवड्यात किती जिभा सरळ केल्यास?" आता नाव असेल, परीक्षा असेल, भिंतीवर प्रमाणपत्र असेल. ज्याच्याकडे ते नसेल त्याने एक जुलैपासून हे नाव लावायचं नाही. तेही योग्यच. मोडेस्टोला एक बाई आहे, ती पाच आठवड्यांत जीभ सुधारून देते म्हणे, तीही दहा-दहा मुलं एका खोलीत बसवून.

लेखी परीक्षेचं मला भय नाही. कॉलेजची पायरी चढलो नसलो तरी चेहऱ्याचा प्रत्येक स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो ते मला विचारा. उरला सहावा नियम. त्याची तर काळजीच नाही. माझ्याकडे कार्डं आहेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डॉ. लिंडक्विस्ट जिन्यात भेटले. खाली त्यांचा दवाखाना, ते मुलांच्या दातांना तारा लावतात. वर मी. निम्म्याहून जास्त मुलं मला तेच पाठवतात.

"वाहान, स्पष्टच बोलतो," म्हणाले. "दातवाल्यांच्या आणि बोलणं सुधारणाऱ्यांच्या मोठ्या मंडळांनी पत्रकं काढली आहेत. जिभेच्या व्यायामाने दात जागेवर राहतात याला पुरावा नाही म्हणतात. मला लोक विचारतात. तुमचं प्रमाणपत्र आलं तर मला तोंड उघडायला जागा राहील. नाही आलं तर मुलं वर पाठवणं थांबवावं लागेल."

"पुरावा जूनच्या आत तुमच्या टेबलावर येईल, डॉक्टर."

"येऊ दे. मलाही हवाच आहे," म्हणाले. माणूस वाईट नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दिवसभर धुकं. समोरची गल्ली दिसेना. दोन मुलं आलीच नाहीत.

रिकामा वेळ होता म्हणून मुळापासून लिहून ठेवतो. मी दातांच्या प्रयोगशाळेत कामगार होतो. प्लास्टरचे ठसे ओतायचे, घासायचे, त्यावर प्लेटा बनवायच्या. तेरा वर्षं केलं. १९५९ साली एकाच मुलीचे ठसे तिसऱ्यांदा माझ्या बाकावर आले. पुढचे दात आधी उघडे, मग तारांनी मिटलेले, मग पुन्हा उघडे. तारा लावणाऱ्याची चूक म्हणावी तर तो गावातला सर्वांत चांगला माणूस. तो ठसा हातात धरून मी माझ्याच तोंडात जीभ फिरवत बसलो. आणि कळलं — फटीचा आकार जिभेच्या टोकाचा आहे! ती मुलगी गिळताना दर वेळी जीभ दातांमधून पुढे ढकलत होती. माणूस दिवसाला हजारदा तरी गिळतो. हजार धक्क्यांपुढे तार काय करणार?

हे मला कुणी शिकवलं नाही. पुढे कळलं की इतर चार-पाच ठिकाणीही चार-पाच जणांना हेच सुचलं होतं. पण माझं मला सुचलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिली बारा कार्डं काढली. १९६२ ते १९६९. मजकूर काळ्या शाईत, मापं लाल शाईत. बाराही जण पूर्ण झाले तेव्हा पुढच्या दातांतली फट शून्य. गिळणं बरोबर. मापांच्या शेवटी एकच शब्द — उत्तम.

पत्ते शोधायचं काम माझ्या बायकोने, सिरानूशने घेतलं. आमच्या घरात टेलिफोनची वही म्हणजे तीच.

रविवार, २३ फेब्रुवारी

बाराही सापडले. दहा याच खोऱ्यात. एक सॅक्रामेंटोला. एक सॅन दिएगोत नौदलात. सिरानूश म्हणाली, "नौदलातल्या पोराला आता जीभ दाखवायला बोलावणार आहेस?"

"मी जाणार आहे."

"साडेतीनशे मैल? एका जिभेसाठी?"

"नियमात बारा लिहिलंय."

"नियम लिहिणाऱ्याला मी ओळखते," म्हणाली. "हट्टी आहे मेला."

शनिवार, १ मार्च

पहिला ग्लेन हामादा. त्या वेळी अकराचा होता, आता वडिलांच्या पीचच्या बागेत काम करतो. तळहात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. खुर्चीत बसला आणि आपणहून जीभ वर टेकवली, वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर. मी पाण्याचा घोट दिला. दात मिटले, ओठ शांत, गळा वर-खाली. बघत राहावं असं गिळणं. फट मोजायचा कॅलिपर लावला — शून्य. "मिस्टर के, व्यायामाला लावायचात ते रबराचं बारीक कडं अजून जिभेवर असल्यासारखं वाटतं मला कधी कधी," म्हणाला. माझ्या लांब आडनावाचं मुलांनी एवढंच अक्षर ठेवलं आहे.

आज दिवस चांगला.

शनिवार, १५ मार्च

सहा झाले. सहाही जणांचं गिळणं बरोबर.

पण फट. चौघांच्या दातांत फट आहे. व्हर्ना टिडवेल, कार्ड क्रमांक चार — साडेचार मिलिमीटर. मी तीनदा मोजलं. कॅलिपर पुसून पुन्हा मोजलं. नऊ वर्षांची असताना जेवढी होती त्याहून अर्ध्या मिलिमीटरनेच कमी.

गिळणं बरोबर आणि दात उघडे, हे होऊच शकत नाही.

सोमवार, १७ मार्च

प्लेटा! तारा काढल्यावर रात्री घालायच्या प्लेटा या मुलांनी घातल्या नसणार. डॉ. लिंडक्विस्टना विचारलं. त्यांनी फाइली काढून दाखवल्या. घातल्या आहेत. व्हर्नाने तर तीन वर्षं.

"मग जीभ असेल," म्हणाले ते. टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागला.

शनिवार, २९ मार्च

सॅन दिएगोहून परत. पोरगा गोदीच्या फाटकापाशी वीस मिनिटं भेटला, पांढऱ्या टोपीत. गिळणं बिनचूक. फट तीन मिलिमीटर. त्याचे मित्र लांबून बघत हसत होते. मी त्याच्या तोंडात टॉर्च धरलेला.

बारा पूर्ण. गिळणं: बारातले बारा बरोबर. फट: पाच बंद, सात उघडे.

उद्या ईस्टर. सिरानूशने अंडी रंगवायला कांद्याच्या साली उकळत ठेवल्या आहेत. घरभर त्याचा वास. मला काहीच नको वाटतं आहे.

मंगळवार, १ एप्रिल

सिरानूशला तक्ता दाखवला. ती लाकडी चमचा हातात घेऊन वाचत उभी राहिली.

"तू त्यांना 'गीळ' म्हणतोस तेव्हा गिळतात ना?"

"मग कसं तपासायचं? आम्ही सगळे असंच तपासतो. सगळीकडे."

"फोटोवाल्यासमोर मी पण पोट आत घेते, वाहान."

मी तक्ता परत घेतला.

"जेवायला बोलाव त्यांना," म्हणाली. "भूक लागलेला माणूस कुणाला दाखवायला गिळत नाही."

सोमवार, २१ एप्रिल

काल जेवण झालं. नऊ जण आले. अंगणात दोन टेबलं जोडली होती. सिरानूशने दोन दिवस राबून केलेलं — द्राक्षाच्या पानातले भाताचे विडे, मटण, पातळ भाकरी, दही-काकडी, शेवटी मधातली अक्रोडाची पापुद्र्याची मिठाई. मी टेबलाच्या टोकाला, वही मांडीवर.

ती येऊन कानात म्हणाली, "माणसं जेवतायत, तू त्यांच्या गळ्यांकडे बघतोयस. खाटकासारखा दिसतोयस. वही ठेव."

वही ठेवली. डोळे कुठे ठेवणार?

ग्लेन — ठीक. आणखी दोघे — ठीक. फट बंद असलेले हेच तिघे आले होते.

बाकी सहा जण. घास तोंडाशी यायच्या आधी जीभ बाहेर येते, दारात पाहुणा घ्यायला यावी तशी. गिळताना ओठ आवळले जातात. हनुवटीवर सुरकुत्या, पीचच्या बियेसारख्या. एकेक घास, एकेक घोट. तासभर मी तेच बघितलं. सहाच्या सहा. माझ्याकडे आले त्या पहिल्या दिवशी होतं अगदी तसं.

मिठाई झाल्यावर राहवेना. व्हर्ना शेजारी होती. अठरा वर्षांची झाली आहे, मनुक्यांच्या पॅकिंग कारखान्यात लागली आहे, मोठ्याने बोलते.

"व्हर्ना, आत्ता कसं गिळलंस?"

"कसं म्हणजे? गिळलं." मग तिच्या लक्षात आलं. "अच्छा, तुमचं गिळणं! थांबा, करून दाखवते." आणि पाण्याचा घोट घेऊन दाखवलं. उत्तम.

"माझं गिळणं म्हणजे?"

"आम्ही तसंच म्हणायचो. मिस्टर केंचं गिळणं. आई गाडीतून ओरडायची, 'जिन्यात दोनदा मिस्टर केंचं गिळणं कर आणि मग वर जा.' " टेबलभर हशा. "माझी पण आई," "माझी पण," असं दोघे-तिघे म्हणाले. सिरानूशही हसली. मग माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

मी पण हसलो. यजमान होतो.

बुधवार, २३ एप्रिल

सात वर्षांत बारा मुलं, प्रत्येकी किमान तीस भेटी. झोपण्याआधी सहा वेळा मनात म्हणायचं वाक्यसुद्धा त्यांना पाठ — मी रात्रभर बरोबर गिळेन. सात जणांनी ते फक्त माझ्यासाठी पाठ केलं होतं. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं.

आळशी पोरं.

गुरुवार, २४ एप्रिल

कालची शेवटची ओळ खोडणार होतो. रोजनिशीत खोडाखोड करत नाही. पण मला तसं वाटत नाही हे इथे लिहितो. नौदलातल्या त्या पोराने पावसाळ्यात सायकलवर येऊन एकही भेट चुकवली नव्हती. कार्डावर आहे.

मग पोरं नाहीत, प्लेटा नाहीत. उरते पद्धत. म्हणजे मी.

रविवार, २७ एप्रिल

जेवताना सिरानूशला विचारलं, "मी कसा गिळतो?"

तिने आधी हातातला घास संपवला. मग म्हणाली, "बरोबर गिळतोस. सांगायला लाज वाटते. आख्खं जेवण मी तेवढंच बघत होते."

शुक्रवार, २ मे

मिसेस ओव्हरबींना तक्ता पाठवायच्या आधी फोन केला. त्या शाळेत शिकवतात, बोबडी मुलं त्यांच्याकडे. संघटना उभी राहिली ती त्यांच्या पत्रांवर. सगळे आकडे वाचून दाखवले. अंगणातल्या जेवणाचे आकडेही.

त्यांनी शेवटचा आकडा पुन्हा वाचायला लावला.

"वाहान, हे पाठवू नका."

"सहावा नियम आहे."

"तुमचा आहे. बाकी सव्वीस जणांनी त्यातून आपापली वाट काढली. कुणाचे पहिले बारा दुसऱ्या राज्यांत गेले. चौघांची कार्डं पुरात वाहून गेली. या कॅलिफोर्नियात इतके पूर आले कधी, मला तर आठवत नाही."

"तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही ते घेतलेत?"

"घेतले. तुमच्या तक्त्यात गिळण्याचा रकाना बारातले बारा बरोबर आहे ना? तेवढाच पाठवा. त्यात खोटं काय आहे?"

"ते माझ्यासमोरचं गिळणं आहे."

"सगळं कुणाच्या तरी समोरचंच असतं हो." मग आवाज खाली आला. "अकरा वर्षं मी शाळेच्या झाडू ठेवायच्या खोलीत बसून मुलं शिकवली आहेत. बादलीवर पाटी ठेवून. या वर्षी पहिल्यांदा मला खिडकी असलेली खोली मिळाली, कारण या कामाला नाव मिळालं. तुमचा हा कागद त्या मोठ्या मंडळांच्या हाती लागला तर तुम्ही एकटे जाणार नाही. आम्ही सगळे परत झाडूंपाशी."

मी म्हटलं, विचार करतो.

हे मी कधी कुणाला म्हणत नाही.

मंगळवार, ६ मे

विचार केला. दोन तक्ते बनवले. एकात गिळण्याचा एकच रकाना, दुसऱ्यात तीन — गिळणं, फट, जेवतानाचं गिळणं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी. दोन्हींत एकही चूक नाही, दोन्ही खरे. पहिला जास्त सुबक दिसतो.

सिरानूशला विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं नाही. कॉफी ठेवली आणि बाहेर टोमॅटोची रोपं लावायला गेली.

बुधवार, ७ मे

तीन रकान्यांचा पाठवला. पोस्टातल्या बाईने वजन करून विचारलं, "महत्त्वाचं आहे का? नोंदणी करू?" म्हटलं, करा.

शनिवार, १० मे

लेखी परीक्षा. सॅक्रामेंटोतल्या एका शाळेच्या जेवणाच्या खोलीत. शंभर प्रश्न. एकशेवीस मिनिटं होती, मी सत्तर मिनिटांत उठलो. एका प्रश्नात हनुवटीच्या स्नायूची नस चुकीची छापली होती, ती समासात दुरुस्त केली.

मोडेस्टोची बाई पुढच्या बाकावर. मला पेन्सिल उसनी मागितली. दिली.

सोमवार, २ जून

पत्र आलं. लेखी परीक्षेत शंभरात नव्व्याण्णव. सर्वांत वर. सहावा नियम — 'सादर केलेली माहिती पद्धतीच्या हिताच्या दृष्टीने अपुरी. योग्य रुग्णांसह दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा.' माझा तक्ता परत. घडी माझीच आहे, पण कोपऱ्यात दुमडलेला. कुणीतरी वाचला आहे.

खाली मिसेस ओव्हरबींच्या हातची एक ओळ. मला वाईट वाटतं, वाहान. खरंच वाटत असेल.

मोडेस्टोच्या बाईला मिळालं.

मंगळवार, ३ जून

डॉ. लिंडक्विस्टना पत्र आणि तक्ता, दोन्ही दिलं. शब्द दिला होता, पुरावा जूनच्या आत. तीन दिवस उशीर झाला.

त्यांनी उभ्याने वाचलं. मग बसले.

"हे तुम्ही स्वतः पाठवलंत?"

"हो."

"वीस वर्षांत मी असा कागद पाहिला नाही," म्हणाले. "पण वाहान, आता मी आयांना काय सांगू? याच कागदावर लिहिलंय की बारातल्या सात जणांना उपयोग झाला नाही."

"तेच सांगा."

"एक जुलैपासून —"

"मला माहीत आहे, डॉक्टर."

त्यांनी हात पुढे केला. केला नसता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ६ जून

चालू असलेल्या नऊ मुलांच्या घरी फोन करून बंद करतो आहे असं सांगितलं. तीन आयांनी विचारलं, आमचं काय चुकलं. एकीने विचारलं, "मग तो आत्तापर्यंत करत होता ते सगळं काय होतं?" 

रविवार, ८ जून

चर्चमध्ये गेलो नाही.

प्रयोगशाळेतल्या जुन्या मालकाने विचारलं होतं, ठसे ओतायला ये, हात अजून चांगला आहे. परत बाकावर. बावन्नाव्या वर्षी. परत तेच उघडे दात माझ्या पुढ्यात येतील, तारांनी मिटतील, पुन्हा येतील. फरक एवढाच, आता मला कारण माहीत आहे आणि इलाज माहीत नाही. त्या वेळी दोन्ही माहीत नव्हतं. तेव्हा माणूस सुखी होता.

सोमवार, ९ जून

फडताळ रिकामं करायला घेतलं. पूर्ण केलेल्या आणि मधेच सोडून गेलेल्या मिळून दोनशे एक मुलांचे प्लास्टरचे ठसे, पहिला आणि शेवटचा. कचऱ्यात टाकवेनात. सिरानूश म्हणाली, ज्यांचे आहेत त्यांना देऊन टाक, लहानपणीचे जोडे ठेवतात तसे ठेवतील. आधी पहिल्या बारांना कळवलं. हवे असतील तर घेऊन जा.

बुधवार, ११ जून

ग्लेन आला, पीचची पेटी घेऊन. ठसे रुमालात गुंडाळून नेले. म्हणाला, "आजीला दाखवतो, तिला वाटतं हे दात मी जन्मतःच असे घेऊन आलो."

त्याचं गिळणं मी पुन्हा बघितलं, तो पीच खात असताना. बरोबर. का बरोबर? याचं का, आणि बाकीच्यांचं का नाही? तेच व्यायाम, तीच खुर्ची, तोच मी. व्हर्ना तर त्याच्याहून हुशार होती. हे मला मरेपर्यंत कळणार नाही असं दिसतं.

गुरुवार, १२ जून

कारखान्याची पाळी संपवून व्हर्ना आली. केसांवर अजून जाळी. स्वतःचे नऊ वर्षांची असतानाचे दात हातात घेऊन खूप हसली. मग खुर्चीत बसली, न सांगता, सवयीने. बाहेर वारा होता, धूळ. दोन-तीनदा शिंकली.

"तुम्ही बंद करताय ते माझ्यामुळे का?" तिने विचारलं.

"नाही. सात जणांमुळे. नाही — सात जणांमुळेही नाही."

"मी खरंच प्रयत्न केला होता, मिस्टर के. घरी, शाळेत. बरोबर गिळायची आठवण राहावी म्हणून तुम्ही दिलेली खूण वहीच्या प्रत्येक पानावर काढली होती. पण तोंड मिटून जीभ वर ठेवायची म्हणजे मग श्वास कुठून घ्यायचा?"

"नाकाने."

"कुठल्या नाकाने?" ती हसायला लागली. "माझं नाक कधी उघडं होतं? तुमच्यासमोर मी श्वास धरून गिळायचे. दोन मिनिटं जमायचं. मग खाली गाडीत बसलं की आधी तोंड उघडून पोटभर हवा घ्यायची."

"डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

"या खोऱ्यात कुणाचं नाक उघडं असतं? कापसाची धूळ, बदामाचा फुलोरा, मळणी. सगळेच सुं सुं करतात. आई म्हणायची, इथलं हवामान आहे." तिने पर्स उचलली. "मी सांगितलं होतं की तुम्हाला. तेव्हाच."

"मला?"

"हो. तुम्ही लिहून पण घेतलं होतंत."

ती गेल्यावर तिचं कार्ड काढलं. पाठपोट तीनदा वाचलं, मापांवर बोट ठेवत. मापं सोडून शेऱ्यांचा रकाना मी कित्येक वर्षांत वाचलाच नव्हता. तिसरी भेट, ऑक्टोबर १९६६.

शुक्रवार, १३ जून

सातही कार्डं काढली. सातही जणांच्या शेऱ्यांत ती ओळ आहे, शब्द थोडे इकडचे तिकडे. अक्षर नेटकं, पुढे तारीख, खाली पट्टीने मारलेली रेघ.

'तोंड मिटलं की दम कोंडतो म्हणते. नुसती सबब. सराव दुप्पट करावा.'

दात मिटलेल्या पाच जणांच्या कार्डांवर ती कुठेच नाही.

त्या सातांतल्या प्रत्येकाने मला सांगितलं होतं.